पावा

आमच्या घराण्याचे व्हॉट्सॲपवर दोन ग्रुप आहेत, हे मला गेल्या महिन्यात कळलं. एका ग्रुपात मी आहे. दुसऱ्यात मी सोडून बाकी सगळे. गॅसचा ओटीपी बघायला म्हणून बायकोचा फोन हातात घेतला, तर तो दुसरा ग्रुप सगळ्यात वर दिसला आणि त्यात माझाच चेहरा, तोंड अर्धवट उघडं, मधोमध तो पांढरा त्रिकोण. दाबला. बेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ. श्रावणात गावी गेलो होतो तेव्हाचा, पुतण्याने काढलेला. आल्याच्या वावरात बांधावर मी उभा आहे. अंगात बदामी रंगाचा लिननचा शर्ट, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, त्यांना चिखल लागू नये म्हणून मी एका सपाट दगडावर चढलोय, आणि हात वर करून बोलतोय. माती जिवंत असते, मातीला ऐकू येतं, आपल्या आज्याने कधी युरिया टाकला होता का, आज आपण मातीशी बोलणंच बंद केलंय. वगैरे. पुतण्याने मागे बासरी लावली होती. पौराणिक मालिकेत देव प्रकट व्हायच्या आधी वाजते तसली. आणि मी खाली वाकून मूठभर माती उचलतो, तिथे बरोब्बर तुतारी.

खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी आलेले ते पिवळे चेहरे, ओळीने. माझ्या सख्ख्या बहिणीनेही तीन पाठवले होते. एकाने अंगठा. आत्याने हात जोडलेले. पण तिला कुठलं चिन्ह कशाचं ते कळत नाही, त्यामुळे तिला मी माफ केलं.

हसण्याचं फारसं काही नाही. आमच्याकडे टिंगल हा प्रेमाचाच प्रकार आहे. मला खुपलं ते दुसरंच. व्हिडिओ चौथ्यांदा बघताना मागे माझा धाकटा चुलतभाऊ दिसला. तो ऐकत उभा आहे, मान हलवतोय, आणि त्याच्या पाठीवर आळवणीचा, म्हणजे रोपांच्या बुडाशी औषध सोडायचा, पंप आहे. नोझल काढलेला, झाकणापर्यंत भरलेला. तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, पट्टा जरा सरकवतो, परत मान हलवतो. व्हिडिओ बेचाळीस सेकंदांचा आहे. माझं भाषण किती वेळ चाललं होतं ते मला माहीत आहे.

तो पंप मला त्या दिवशी दिसलाच नव्हता.

बायकोला विचारलं, हे तू मला दाखवलं का नाहीस? ती कणीक मळत होती. म्हणाली, "अरे, छान आलायस की. फक्त पावा वाजतोय." आणि मग आम्ही दोघंही हसलो, कारण पावा वाजणं हा आमच्या घरातला पंचवीस-सव्वीस वर्षं जुना शब्दप्रयोग आहे, आणि तो आला अमेरिकेतल्या एका जुन्या विनोदी मालिकेतून. फक्त इतकी वर्षं तो आम्ही दुसऱ्यांसाठी वापरत होतो. सोसायटीच्या सभेत कुणी उभं राहून 'संस्कृती' म्हणालं, की आम्ही एकमेकांकडे बघायचो.

मालिकेचं नाव 'ग्रीन एकर्स'. १९६५ च्या सप्टेंबरात सीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि १९७१ च्या एप्रिलात संपली, १७० भाग. आम्ही ती बघितली १९९८ साली, आयोवा राज्यात, डे मॉइन शहरात. तेव्हा वर्ष दोन अंकांत लिहिलेली सगळी जगातली प्रोग्रॅम्स २००० साल उजाडायच्या आत सरळ करायला आपल्याकडची पोरं विमानं भरभरून जात होती, त्यातला मी एक. डे मॉइन हे विमा कंपन्यांचं गाव. इमारतीत विमा, इमारतीबाहेर मका. शहर संपतं आणि मका सुरू होतो, तो पुढच्या शहरापर्यंत संपत नाही. नवीन लग्न झालेलं, बायको दादरची. घरातून खाली उतरलं की फुलांचा बाजार, असं जिचं अख्खं आयुष्य, तिला मी त्या मक्याच्या मधोमध नेऊन ठेवलं. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, आणि बर्फात चालत जाण्याजोगं एकच ठिकाण होतं, पेट्रोल पंपाला जोडलेलं दुकान. मी सकाळी सातला जायचो. हीटर चालू-बंद होताना एक ठोका पडायचा, तो ती दिवसभर मोजायची असं तिने नंतर सांगितलं. आणि रात्री केबलवर जुन्या मालिका लागायच्या.

पहिल्यांदा तिनेच बघितली ती. मी जेवत होतो. पडद्यावर एक बाई, पिसांची झालर लावलेला गाऊन, गळ्यात हिरे, आणि मागे पडकं फार्महाऊस, चुलीतून धूर. तिचा नवरा ऑलिव्हर डग्लस, न्यूयॉर्कचा बडा वकील. त्याला लहानपणापासून शेतकरी व्हायचं असतं. पार्क ॲव्हेन्यूवरचं पेंटहाऊस सोडून तो हूटरव्हिल नावाच्या गावात शेत घेतो, आणि बायकोला, लिसाला, घेऊन जातो. हे सगळं शीर्षकगीतातच होतं. तो म्हणतो शेत, ती म्हणते शहर, दोघांचं आलटून पालटून चालतं, आणि शेवटी तो एका ओळीत वाद संपवतो. तू माझी बायको ना, मग चल. गाणं अगदी गोड चालीचं आहे. माझी बायको चमचा हातात धरून ते ऐकत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे मला कळलं.

त्या दिवसापासून आम्ही ती नेमाने बघायला लागलो.

वरवर पाहिलं तर विनोद साधा. शहरातला माणूस खेड्यात जातो आणि फजिती होते, एवढंच. पण चार भागांनंतर लक्षात येतं की इथे काहीतरी विचित्र चाललंय. घरातला फोन घरात नाही, बाहेरच्या खांबाच्या टोकावर आहे, कारण कंपनीची तार तेवढीच पुरली. घंटा वाजली की ऑलिव्हरने खांबावर चढायचं. विजेसाठी जनरेटर, आणि प्रत्येक उपकरणाला एक आकडा. जोडलेल्या उपकरणांच्या आकड्यांची बेरीज सातच्या वर गेली की सगळं बंद. झोपण्याची खोली बांधायला दोन सुतार येतात, भाऊ आणि बहीण, बहिणीचं नाव राल्फ. सहा वर्षांत ती खोली पुरी होत नाही. कपाटाचं सरकतं दार अंगावर पडतं ते शेवटपर्यंत पडतच राहतं. ट्रॅक्टर हॉइट-क्लॅगवेल नावाच्या कंपनीचा, त्याचं चाक निघतं. आणि ऑलिव्हर हा सगळा प्रकार थ्री-पीस सूट आणि टाय घालून करतो. नांगरताना, खांबावर चढताना, सुतारांशी भांडताना. त्याच्या कपड्यांवर कुणी काही बोलत नाही. मला हे तेव्हा अतिशयोक्ती वाटायचं. आता लिननच्या शर्टातला मी बघितल्यावर वाटतं, बेतानेच दाखवलंय.

मग पावा. ऑलिव्हरला मधूनच भरून येतं. बी मातीत पडतं, कोंब आभाळाकडे झेपावतो, अमेरिकेचा शेतकरी हा देशाचा कणा आहे, असं तो बोलायला लागतो. तो बोलायला लागला की मागे बारीक पावा वाजू लागतो, देशभक्तीच्या थाटाची धून. एरवी पार्श्वसंगीत हे आपल्यासाठी असतं, पात्रांना ते ऐकू येत नाही, असा सगळ्यांचा करार असतो. इथे मात्र समोर उभी असलेली माणसं चमकतात. इकडे तिकडे बघतात. हे कुठून वाजतंय, म्हणून एकमेकांना विचारतात. गावातल्या सगळ्यांना तो पावा ऐकू येतो. लिसाला येतो. ऐकू येत नाही फक्त ऑलिव्हरला. तो बोलत राहतो.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी घास थांबवून हसलो होतो.

जे सोमर्स हा या मालिकेचा कर्ता. त्याने १९५० साली रेडिओवर याच कल्पनेची एक छोटी मालिका केली होती, बँकेतला माणूस शेतकरी होतो अशी. ती चालली नाही. पंधरा वर्षांनी निर्माता पॉल हेनिंग याची खेड्यातल्या माणसांवरची एक मालिका तुफान चालत होती, 'द बेव्हर्ली हिलबिलीज', म्हणून सोमर्सला पुन्हा दार उघडलं. ती मालिका याच्या नेमकी उलटी: खेडवळ कुटुंबाला तेल सापडतं आणि ते श्रीमंतांच्या वस्तीत राहायला जातं. तिथे हसायचं ते खेडवळांना. सोमर्सने बाण फिरवला. हूटरव्हिलमध्ये सगळे सुखी आहेत, प्रत्येकाला आपापला वेडेपणा पुरता ठाऊक आहे, आणि डोकं ताळ्यावर असलेला, वकिली बुद्धीचा, नियमाने वागणारा एकमेव माणूसच तेवढा अस्वस्थ आहे. पिसांच्या गाऊनातली लिसा, जिला यायचंच नव्हतं, ती त्या गावात लोण्यात सुरी शिरावी तशी शिरते. ती कोंबड्यांची बारशी करते, गाईशी गप्पा मारते. तिला स्वयंपाक येत नाही. एकच पदार्थ येतो, पॅनकेक, ज्याला ती हंगेरियन हेलात 'हॉट्सकेक्स' म्हणते आणि जे कौलासारखे टणक होतात. लिसा झालेली ईव्हा गाबोर मुळातच बुडापेस्टची, तेव्हा तो हेल उसना नव्हता. श्रेयनामावली कधी अंड्यांवर छापलेली येते, कधी त्या केक्सवर, आणि ही नावं कुणाची म्हणून लिसा विचारते. तिला जग जसं येतं तसं दिसतं. त्याला जसं असायला हवं तसं दिसतं.

माझी बायको एकदा म्हणाली होती, "तिला त्या शेताकडून काही नकोच आहे ना. म्हणून जमतं तिला." मी तेव्हा तावातावाने शेतीच्या बाजूने काहीतरी बोललो होतो. काय बोललो ते आठवत नाही. पावा वाजला असणार.

आणि खरंच, गावी गेलो की हेच होतं. मी शिवारात जातो, माती उचलून हुंगतो, विहिरीत वाकून बघतो, धाकट्याला प्रश्न विचारतो आणि त्याने उत्तर द्यायच्या आत मीच देतो. ती वहिनीच्या बरोबर चुलीपाशी बसते आणि कुठल्या दुकानात काठपदराची साडी बरी मिळते यावर दोघी दोन तास बोलतात. संध्याकाळी वहिनी तिला म्हणते, "ताई, चला, म्हशीचं आवरू." मला म्हणते, "भावजी, तुम्ही बसा हितं, खुर्ची आनते." खुर्ची. प्लास्टिकची, लाल, पाहुण्यांची. माझं नाव सात-बाराला आहे, वडिलांच्या माघारी सतरा गुंठे माझ्या वाट्याला येतात, तरी ती खुर्ची काही सुटत नाही.

सात-बारावरून आठवलं. ऑलिव्हरने ते शेत न बघता घेतलं. विकणारा मिस्टर हेनी. गळ्यातून फाटका भोंगा वाजावा तसला आवाज, पॅट बट्रम नावाच्या नटाने तो केला. शेत विकून झाल्यावर हा गोठ्यातली गाय, नांगर, पाण्याचा पंप, एकेक वस्तू परत आणून ऑलिव्हरलाच वेगवेगळ्या दराने विकतो नाहीतर भाड्याने देतो. ऑलिव्हरला ज्या क्षणी जे लागेल तेच घेऊन त्याची खटारा गाडी दारात उभी. अशी माणसं आपल्याकडे मुळशीपासून भोरपर्यंत प्रत्येक वळणावर फ्लेक्स लावून बसलेली आहेत. एवढंच की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. कूळकायद्याचं ६३ वं कलम. इथला हेनी ऑलिव्हरला आधी शेतकरी दाखला विकायला आला असता, मग जमीन. माझ्या त्या सतरा गुंठ्यांच्या जोरावर मी कायद्याने पक्का शेतकरी आहे, आणि सोसायटीतल्या दोघा-तिघांनी माझ्याकडे त्याबद्दल हेव्याने बघितलेलं आहे. मी पायावर शेण न पडू देणारा शेतकरी. पावा.

मालिकेतलं माझं आवडतं पात्र मात्र हँक किंबल, काउंटीचा शेती सल्लागार. १९१४ च्या एका कायद्याने अमेरिकेत कृषी विद्यापीठातलं ज्ञान गावोगाव पोचवायला असे सल्लागार नेमायची रीत देशभर रुजली, आणि तिकडच्या शेतीच्या भरभराटीत त्यांचा वाटा मोठा आहे. किंबलला मात्र वाक्य पुरं करता येत नाही. आज हवा छान आहे, म्हणजे छान नाही तशी, बरी आहे, बरी म्हणजे काल होती तशी, काल नाही, परवा. तो कधीच चूक बोलत नाही कारण तो काही बोलतच नाही. ऑलिव्हर त्याच्याकडून ठाम उत्तर काढायला धडपडतो. मी तेव्हा किंबलला मूर्ख समजायचो. आता धाकट्याचं बोलणं ऐकलं की वाटतं, शेतीबद्दल खरं बोलायचं तर असंच बोलावं लागतं. आलं यंदा कसं आहे? "बरं हाय. म्हंजे खालचं बरं हाय. वरच्या वाफ्यात जरा लागलंय. लागलंय म्हंजे अजून तसं न्हाय, पन पाऊस असाच ऱ्हायला तर. न्हाय ऱ्हायला तर हुईल." यातला प्रत्येक शब्द अचूक आहे, आणि मला मात्र त्यातून हो किंवा नाही हवं होतं.

डे मॉइनला माझ्या शेजारच्या टेबलावर एक पन्नाशीचा गडी बसायचा. भला माणूस, अबोल. त्याचे वडील मका-सोयाबीनवाले, डुकरंही पाळायचे. आयोवात अमेरिकेतलं सगळ्यात जास्त डुक्कर होतं. मी एकदा त्याला 'ग्रीन एकर्स'बद्दल विचारलं, भीत भीतच, कारण वाटलं, शेतकऱ्यांची थट्टा म्हणून त्याला राग येईल. तो खुलला. म्हणाला, त्यांच्या घरी दर आठवड्याला सगळे जमून बघायचे, वडील तर रडेपर्यंत हसायचे. आणि वडिलांचा आवडता कोण, तर आर्नल्ड. आर्नल्ड हे डुक्कर. झिफेल नावाच्या म्हाताऱ्या जोडप्याने ते मुलासारखं वाढवलंय. ते शाळेत जातं, टीव्ही बघतं, आणि सगळा गाव त्याला 'झिफेलांचा मुलगा' म्हणतो. एकटा ऑलिव्हर कपाळावर हात मारत सांगत असतो, अहो, ते डुक्कर आहे. तर याचे वडील दर भागाला म्हणायचे, हा गेल्या वेळचा नव्हे, हा दुसरा. कारण पिल्लू सहा महिन्यांत बाजाराच्या वजनाला येतं, आणि आर्नल्ड वर्षानुवर्षं तेवढाच. बरोबरच होतं, फ्रँक इन नावाचा प्राण्यांना शिकवणारा माणूस एकामागून एक आर्नल्ड तयार करायचा. पडद्यावरच्या डुकराचं वय घरबसल्या ओळखणारा प्रेक्षक, हे ऐकून मी गप्पच झालो.

मग तो बोलता बोलता म्हणाला की १९८५ ला त्यांचं शेत लिलावात गेलं. सत्तरच्या दशकात बँकांनी बोलावून बोलावून कर्जं दिली, व्याज चढलं, आणि आयोवातल्या जमिनीची किंमत पाच-सहा वर्षांत निम्म्याच्याही खाली आली. लिलावाच्या दिवशी शेजारीपाजारी आले होते, वडिलांचं एकेक अवजार उचलून बघत होते, आणि कुणी वडिलांच्या डोळ्यांत बघत नव्हतं. हे त्याने कॉफीचा कप टोकदार घडी घातलेल्या रुमालावर ठेवत सांगितलं. मी त्यावर काय बोलावं? मी म्हटलं, आमच्याकडेही शेतकऱ्याची परिस्थिती, आणि सुरू झालो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. आता वाटतं, त्याच्याही पाठीवर काहीतरी भरलेलं असणार.

मालिका बंद पडली ती लोक बघत नव्हते म्हणून नव्हे. १९७१ साली सीबीएसने गावाकडच्या मालिका एकदम काढून टाकल्या. 'बेव्हर्ली हिलबिलीज' गेली, 'ग्रीन एकर्स' गेली, आणखी कितीतरी गेल्या. जाहिरातदारांना हवा होता शहरातला, तरुण, खर्च करणारा प्रेक्षक; बघणारे म्हातारे आणि खेड्यातले असतील तर आकडा कितीही मोठा असो, तो उपयोगाचा नव्हता. हेनी झालेला पॅट बट्रम म्हणाला होता की त्या वर्षी सीबीएसने ज्यात म्हणून झाड आहे ते सगळं मारलं. त्या टेबलाशेजारच्या गड्याच्या घरी शेत जाण्याच्या चौदा वर्षं आधीच टीव्हीतून गाव गेला होता. अर्थात या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावायला मी काही समाजशास्त्रज्ञ नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा लागतो आपोआप.

एका रविवारी आम्ही एल्डनला गेलो होतो. डे मॉइनहून आग्नेयेला दोनेक तास. तिथे एक छोटं पांढरं लाकडी घर आहे, वरच्या मजल्याला चर्चसारखी टोकदार खिडकी असलेलं. ग्रँट वुडने १९३० साली ते घर बघून 'अमेरिकन गॉथिक' काढलं. हातात दाताळं धरलेला शेतकरी, शेजारी बाई, दोघांचेही चेहरे घट्ट मिटलेले. 'ग्रीन एकर्स'चं शीर्षकगीत संपतं ते ऑलिव्हर आणि लिसा त्याच चित्रासारखे उभे राहतात तिथे, म्हणून बायकोला ते घर बघायचं होतं. तिने त्या दोन वर्षांत स्वतःहून मागितलेली ती बहुधा पहिली सहल. घराभोवती चिटपाखरू नव्हतं. वारा होता, ओल्या गवताचा वास होता, लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. कॅमेरा गाडीच्या टपावर ठेवून टायमर लावला. दाताळं कुठून आणणार, तर मी मिटलेली छत्री धरली. तो फोटो अजून आहे. मी अगदी गंभीर, हनुवटी वर. ती हसतेय, पण डोळे दुसरीकडेच, चौकटीबाहेर रस्ता आहे तिकडे. फार वर्षांनी मी कुठेतरी वाचलं की चित्रातल्या त्या शेतकऱ्यासाठी वुडने उभा केला होता तो त्याचा दातांचा डॉक्टर. अमेरिकन शेतकरी म्हणून साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोर येतो तो चेहरा एका डेंटिस्टचा. हे मी बायकोला धावत जाऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि तू?"

एक गोष्ट मात्र ऑलिव्हरच्या बाजूने सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. ऑलिव्हर झालेला एडी अल्बर्ट खऱ्या आयुष्यातही तसाच होता. लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घरापुढे त्याने हिरवळ काढून मका लावला होता. डीडीटी या कीटकनाशकामुळे पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ होत होती की उबवायला बसलेली आईच ती फोडायची. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पेलिकनांचं असंच चाललं होतं, आणि हा नट त्याविरुद्ध गावोगाव भाषणं देत फिरला. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. त्याच्यामुळे आली असं नाही, पण तो त्या बाजूला उभा होता. त्याची भाषणं ऐकताना लोकांना मनातल्या मनात तो पावा ऐकू आला असेल का? नक्कीच आला असेल. सहा वर्षं त्याच्या बोलण्यामागे तोच वाजला होता. आणि तरी तो म्हणत होता ते बरोबर होतं.

माझं बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी धाकट्याला त्या दिवशी जीवामृत सांगत होतो. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. ऐकून घेऊन तो म्हणाला होता, "करू की दादा." आल्याची कंदकूज कशी असते, हे मी नंतर शोधून वाचलं. आधी खालची पानं पिवळी पडतात. मग कोंब नुसता धरून ओढला तर अलगद हातात येतो, बुडाशी मऊ, कुजका, वास मारणारा. पाणी साचलं की ती वाफ्यातून वाफ्यात सरकते. दोन दिवस थांबलं तर कोपरा जातो, आठवडा थांबलं तर वाफा. आमच्याकडे आलं विकतात ते गाडीवर, पाचशे किलोंची एक गाडी, आणि एका गाडीचा दर वर्षात इतका वरखाली होतो की कुणाचा बंगला होतो आणि कुणाची उधारी. वरच्या वाफ्यात लागलेलं असताना, पावसाने जरा उघडीप दिली तेवढ्यात आळवणी उरकायची म्हणून तो पंप भरून निघाला होता. आणि वाटेत मी दगडावर उभा.

चार दिवस काढून मी फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, "त्या व्हिडिओत तुझ्या पाठीवर पंप होता, तो भरलेला होता का रे?"

"कुठल्या व्हिडिओत?" आणि मग त्याच्या लक्षात आलं की मला तो दिसलाय. मागे रेडिओ चालू होता त्याच्या. "आं, ती व्हय. पोरांस्नी काय उद्योग न्हाय. न्हाय हो दादा, निम्मा हुता."

व्हिडिओच्या अडतिसाव्या सेकंदाला मी माती उचलायला वाकतो तेव्हा तोही वाट द्यायला जरा कलतो, आणि त्याच्या पंपाच्या झाकणाखालून पाण्याची धार त्याच्या पाठीवर सांडते. मी ते थांबवून थांबवून बघितलंय. निम्म्या पंपातून सांडत नाही.

मी म्हटलं, मग ठीक आहे.

फोन ठेवताना त्याने कामाचं काढलं. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात कुठलं पीक आहे ते सरकारी ॲपवर नोंदवणं, राहिली होती. माझ्या सतरा गुंठ्यांत आलं तोच करतो, पण खातेदार मी, ओटीपी माझ्या मोबाईलवर येणार, मुदत संपत आलेली. "या एक दिस. भाषान न्हाय केलं तरी चालंल," असं तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "वहिनींस्नी पन घिऊन या, हिनं पुरनाचं म्हनलंय."

गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो. जुने चप्पल घातले. ॲप उघडलं, गट नंबर टाकला, वाफ्यात उभं राहून आल्याचा फोटो काढला. वरचे वाफे खाली झालेले दिसत होते, नुसती ठिबकची काळी नळी आणि मोकळी माती. मी काही विचारलं नाही. माहिती पाठवायला मात्र रेंज नव्हती. धाकटा म्हणाला, मोटरीच्या खोलीच्या स्लॅबवर येती कधी कधी. शिडी लावली. वर गेलो, हात उंच केला, एक काडी आली, गेली, परत आली. गोल गोल फिरत होतं ते. खालून म्हशीच्या गोठ्याकडून बायकोचा आणि वहिनीचा हसण्याचा आवाज येत होता, आणि माझ्या लक्षात आलं की मी खांबावर चढलोय. समोर अख्खं शिवार दिसत होतं. उसाला तुरा यायला वेळ होता, घेवडा फुलात होता, ओढ्याच्या कडेने पांढरे बगळे, आणि नुकताच पाऊस पडून गेलेल्या मातीचा तो वास इतका वरपर्यंत आला होता. घशाशी एक वाक्य आलं. मोठं, गोल वाक्य होतं.

खाली बघितलं. पुतण्या मोबाईल आडवा धरून उभा होता.

"काका," तो म्हणाला, "बोला की कायतरी."